जुने कान आणि नवी तबकडी

संगीताच्या प्रांतांत आम्ही अधिकारी पुरुष नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचा व्यवसाय महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. आम्हांला गातां येत नाहीं, वाजवितां येत नाहीं. आणि षड्ज कोठें संपतो व ऋषभ कोठें सुरू होतो असें कोणीं विचारल्यास आम्ही विषय बदलतों. तरी पण गेलीं ३५ वर्षें आम्ही एका इंग्रज गिटारवादकाचे एकनिष्ठ श्रोते आहों. आणि एकनिष्ठ श्रोत्याचा कलावंतावर कांहीं एक हक्क चालतो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत कशी खोटी ठरली, आणि ती खोटी ठरल्यानें आमच्या पदरीं काय पडलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हा वादक म्हणजे डेव्हिड गिल्मर. त्याचा जन्म १९४६ सालीं केंब्रिज येथें झाला. १९६८ च्या सुमारास तो 'पिंक फ्लॉइड' या बँडांत दाखल झाला, आणि १९७३ ते १९७९ या अवघ्या सहा-सात वर्षांत त्या चौघांनीं जे अल्बम काढले त्यांनीं अर्ध्या जगाचे कान घडविले, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. रॉकसंगीत म्हणजे नुसता गोंगाट, असें समजणाऱ्या वाचकांना आम्ही एवढेंच सांगतों कीं, या मनुष्याच्या वादनांत घाई म्हणून नाहीं. इतर वादक जेवढ्या अवकाशांत वीस सुरांची माळ ओवतात तेवढ्यांत हा एकच सूर लावतो, पडद्यावर दाबून धरलेली तार बोटानें आडवी खेचतो, आणि तो सूर वरच्या सुरापर्यंत हळूहळू चढवीत नेतो. सतारीवरची मींड ज्यांनीं ऐकली आहे त्यांना ही युक्ति परकी वाटणार नाहीं. सूर चढून स्थिर झाला कीं वादक थांबतो. आणि त्या थांबण्यांतच त्याचें अर्धें गाणें असतें.

आमची व या सुरांची गांठ घालून दिली ती आमच्या एका मित्रानें. १९८९ सालची गोष्ट. मूळ कॅसेट विकत घेण्याची ऐपत आम्हां दोघांचीही नव्हती. मित्रानें कोणाकडून तरी 'विश यू वेअर हिअर' हा १९७५ चा अल्बम एका रात्रीच्या बोलीनें आणला, शेजाऱ्यांचा दुसरा टेपरेकॉर्डर मागून घेतला, दोन्ही यंत्रें माजघरांत समोरासमोर ठेविलीं, आणि एकाच्या तोंडचें दुसऱ्याच्या कानांत उतरवून घेतलें. त्यामुळें त्या घरांतील सर्व कांहीं त्या फितींत शिरलें: मित्राचा खोकला, रस्त्यानें गेलेली एक फटफटी, आणि गिल्मरच्या त्या सुप्रसिद्ध चार सुरांनंतर थोड्याच वेळानें स्वयंपाकघरांतून आलेली मित्राच्या आईची हांक, "चहा झालाय रे!" पुढें पगार सुरू झाल्यावर आम्हीं मूळ तबकडी विकत घेतली. ती अगदीं निर्मळ होती. पण त्या जागीं येतांच आमचा कान हांकेची वाट पाही, आणि हांक न आल्यामुळें गाणें कोठें तरी अपुरें वाटे.

मित्राचें व आमचें एका बाबतींत कधींच जमलें नाहीं. आम्ही गिटारचे भक्त. त्याचा जीव रिचर्ड राइट या कीबोर्डवादकावर. त्या अल्बमच्या पहिल्या गाण्याच्या प्रारंभीं राइटचे सूर धुक्यासारखे पसरत असतात, आणि मग गिटार येते. "तुझा तो गिटारवाला बोलतो खरा," मित्र म्हणे, "पण त्याला उभें राहावयाला जमीन हा देतो." तंबोऱ्याला कोणी टाळ्या देत नाहीं, हें आमचें उत्तर ठरलेलें असे, आणि आम्ही दोघेही हंसत असूं. राइट २००८ सालीं वारला. आमचा मित्रही २०२१ सालीं गेला. त्यानंतर आम्ही त्याच्या घराकडे फिरकलों नाहीं. घर आमच्या रोजच्या वाटेवरच, आंत एकटी म्हातारी माउली. परंतु तिच्यापुढें बसून काय बोलावयाचें हें न सुचल्यामुळें, आज जाऊं, उद्यां जाऊं असें म्हणत आम्हीं तीन वर्षें काढलीं. हें लिहितांना लाज वाटते. पण न लिहिल्यास पुढचें समजावयाचें नाहीं.

२०२४ च्या सप्टेंबरांत गिल्मरचा 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यापूर्वींचा त्याचा स्वतंत्र अल्बम २०१५ चा. म्हणजे मध्यें नऊ वर्षें लोटलीं होतीं, आणि वादकाचें वय ७८ झालें होतें. इंग्लंडांत हा अल्बम विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला. विक्रीचें असें झालें. श्रोत्यांचें म्हणाल तर त्यांचें एकमत होण्याचें चिन्ह नव्हतें. आमच्या ओळखीच्या मंडळींतच चार पंथ निघाले. पहिल्या पंथाचें म्हणणें, यांत सारें तेंच तें आहे. म्हाताऱ्यानें नवें काय केलें? दुसऱ्याचें म्हणणें, यांत तें जुनें कांहींच नाहीं. मग याला गिल्मर कां म्हणावें? तिसऱ्या पंथाचे लोक हातांत घड्याळ घेऊन बसले, आणि गिटारला किती मिनिटें मिळालीं व गळ्याला किती, याचा हिशेब मांडूं लागले. चौथ्या पंथास सर्वच अपूर्व वाटलें. त्यांनीं तें ऐकण्याआधींच ठरविलें होतें. त्यांत खुद्द गिल्मरनें, १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' नंतरचें आपलें सर्वांत चांगलें काम हेंच, असें सांगून टाकल्यामुळें चारी पंथांना भांडावयास आयतेंच निमित्त मिळालें.

आम्ही पहिल्या दिवशीं दुसऱ्या पंथांत होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या कन्येनें तो अल्बम लावला व आम्हांला शेजारीं बसवून घेतलें. परीक्षकानें उत्तरपत्रिका तपासावी तसा आम्हीं तो ऐकला. प्रत्येक गाण्याला मनांतल्या मनांत गुण दिले. येथें गिटार यावयास पाहिजे होती, आली नाहीं. येथें आली, पण थोडक्यांत आटोपली. आणि एक गाणें तर त्यानें आपल्या मुलीलाच गावयास दिलें आहे! शेवटीं चष्मा पुसत आम्हीं निकाल सांगितला, "चांगलें आहे, पण तें नव्हे."

कन्येनें विचारलें, "बाबा, तें म्हणजे कोणतें? तुम्हांला नक्की काय हवें होतें?"

ज्याचा सारा जन्म दुसऱ्यांना प्रश्न घालण्यांत गेला त्याला या साध्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. झोप आली आहे, असें म्हणून आम्ही उठलों.

झोप अर्थात् आली नव्हती. उत्तर सुचेना म्हणजे पुस्तकी मनुष्य वाचूं लागतो. आम्हीही त्या अल्बमविषयीं मिळेल तें वाचूं लागलों. गिल्मरनें या खेपेस मुद्दाम एक तरुण निर्माता निवडला होता. चार्ली अँड्रू हें त्याचें नांव. आणि त्याला पिंक फ्लॉइडच्या थोरवीची ना फारशी माहिती होती, ना भीति. येथें गिटारचा तुकडा हवाच कशाला, असें तो विचारी. सगळींच गाणीं हळूहळू विरत कां जावींत, कांहींनीं सरळ संपावयास काय हरकत आहे, असेंही त्यानें विचारलें. हें वाचून आम्ही थबकलों. आमच्या वर्गांत पहिल्या बांकावरच्या मुलानें अशी शंका काढली तर आम्हांला त्या दिवशीं अन्न गोड लागत नाहीं. आणि या मनुष्यानें ७८ व्या वर्षीं असा शंकेखोर आपण होऊन जवळ बसवून घेतला होता! जें आम्ही त्याच्याकडून मागत होतों तेंच तो सोडूं पाहत होता. २०१९ सालींच त्यानें आपल्या गिटारी न्यूयॉर्क येथें लिलावांत काढल्या होत्या. ज्या काळ्या गिटारवर त्याचीं बरींचशीं गाजलेलीं गाणीं वाजलीं ती एकटी सुमारें ४० लाख डॉलरांस गेली, आणि लिलावाचें सारें उत्पन्न त्यानें हवामानाच्या प्रश्नावर झगडणाऱ्या एका संस्थेस देऊन टाकलें. ज्याची ती गिटार, त्यानें ती अशी मोकळ्या हातानें दिली. आणि जिला जन्मांत आमचें बोट लागलें नाहीं तिच्यासाठीं आम्हीं मात्र दोन दिवस सुतक पाळलें होतें.

याच वाचनांत एक गोष्ट अशी सांपडली कीं, तिनें आमचा सारा निकाल फिरविला. अल्बमच्या नांवाचें जें गाणें आहे त्याचा पाया २००७ सालचा आहे. गिल्मरच्या घरच्या कोठारांत कांहीं मंडळी सहज वाजवीत बसली होती. त्यांत कीबोर्डवर रिचर्ड राइट होता. दुसऱ्याच वर्षीं राइट वारला. तें वादन गिल्मरनें जपून ठेविलें, आणि इतक्या वर्षांनीं त्याच्याभोंवतीं नवें गाणें बांधलें. मूळचें तें जवळजवळ १४ मिनिटांचें वादनही अल्बमच्या कांहीं आवृत्त्यांस शेवटीं जोडलेलें आहे.

तें आम्ही रात्रीं एकटेच ऐकावयास बसलों. या खेपेस गिटारकडे लक्ष दिलें नाहीं. तिच्या खालीं काय चाललें आहे इकडे कान लावला. राइटच्या वाजविण्यांत दाखविण्यासारखें कांहीं नाहीं. एक मनुष्य दुसऱ्याचें बोलणें ऐकत, मधून मधून हुंकार देत बसला आहे, एवढेंच. पण त्या हुंकाराच्या भरंवशावर गिटार पुढें पाऊल टाकते, हें आमच्या तेव्हां प्रथम ध्यानांत आलें. मित्राची 'जमीन' ती हीच. इतकीं वर्षें ज्या म्हणण्याला आम्ही हंसलों तें खरें होतें. आणि तसें कबूल करावें तर ऐकावयास तो समोर नव्हता.

मग कन्येच्या प्रश्नाचें उत्तरही सुचलें. गिल्मरचा जुना सूर आम्हांला नकोच होता; तो तर कपाटांत होता, हवा तेव्हां लावतां येत होता. आम्हांला हवें होतें तें माजघर, तीं समोरासमोर ठेविलेलीं यंत्रें, विशीच्या उंबरठ्यावरचे आम्ही दोघे आणि ती हांक. एवढें सगळें आम्ही दूरदेशच्या एका वृद्ध गृहस्थाकडून मागत होतों, आणि तो तें देत नाहीं म्हणून त्याचे गुण कापीत होतों! आमच्या आजोबांच्या पिढीनें बालगंधर्वांना 'वन्स मोअर' देऊन तींच पदें पुन्हा पुन्हा गावयास लाविलें. त्या गलक्यांतही पदापेक्षां आपल्याच एखाद्या सरलेल्या रात्रीची मागणी अधिक नसेल काय? ही मागणी पुरी करणें कोणत्याही कलावंताच्या हातीं नसतें. तो फार तर आपलें आजचें वय खरेंपणानें आपल्यापुढें ठेवील. त्याच्याशेजारीं आपलें वय ठेवून बसणें हें श्रोत्याचें काम.

याचा अर्थ हा अल्बम सर्वांगसुंदर आहे असा नव्हे. 'डार्क अँड व्हेल्व्हेट नाइट्स' हें गाणें आम्हांला अजूनही सामान्य वाटतें. गिल्मरचा गळा पूर्वींचा राहिलेला नाहीं. परंतु गाण्यांचे शब्द, जे बहुतांशीं त्याची पत्नी पॉली सॅमसन हिचे आहेत, ते वार्धक्याविषयीं व मरणाविषयीं असल्यामुळें तो उतरलेला गळाच त्यांना शोभतो. शेवटच्या 'स्कॅटर्ड' या गाण्यांत गिटार आमच्या पंथाची भूक भागेल इतकी बोलते. पण आमचें मन आतां बसलें आहे तें ज्याला आम्हीं पहिल्या रात्रीं सर्वांत कमी गुण दिले त्या 'बिट्वीन टू पॉइंट्स' वर. तें गाणें मूळ दुसऱ्यांचें. त्यांत गिल्मरची मुलगी रोमनी गाते, हार्प हें तंतुवाद्यही तीच वाजविते. आणि बाप मुलीचें बोलणें पुरें होऊं देऊन मग गिटार पुढें आणतो. राइटनें ज्याला उभें राहावयाला जमीन दिली, तो आतां मुलीच्या पायांखालीं तीच जमीन घालीत आहे. आम्हीं हें कन्येला सांगितलें. ती "हं" म्हणाली, आणि तिनें तें गाणें पुन्हा लावलें. या वेळीं आम्हीं निकाल दिला नाहीं.

त्या रविवारीं आम्ही मित्राच्या घरीं गेलों. काकू आतां ऐंशीच्या पुढें आहेत. इतके दिवस कां आला नाहींस, असें त्यांनीं विचारलें नाहीं. "ये, बैस," एवढेंच म्हणाल्या व आंत गेल्या. आम्ही माजघरांत बसलों. ज्या कोनाड्यापाशीं तीं दोन यंत्रें ठेविलीं होतीं तेथें आतां औषधांच्या बाटल्या आहेत. काय बोलावें हें आम्हांला तेथेंही सुचलें नाहीं, आणि सुचलें नाहीं म्हणून कांहीं अडलेंही नाहीं. थोड्या वेळानें काकू भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या. कॅसेटमधली ती खणखणीत हांक आतां त्यांच्या गळ्यांत राहिलेली नाहीं. स्वयंपाकघरांतून माजघरापर्यंत आवाज पोंचत नाहीं म्हणून त्यांना स्वतःच यावें लागतें. आवाज कांपरा होता, बारीक होता. "चहा झालाय रे," त्या म्हणाल्या.

आम्ही उठलों. चहांत साखर नव्हती. काकूंना ती वर्ज्य आहे, आणि आतां आम्हांलाही.