इंग्रजीचा पेपर आणि आपली लेकरं

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे, "इंग्रजीत किती पडले?" गणित, विज्ञान नंतर. कारण आपलं पोर अडकतं ते बहुतेक वेळा इंग्रजीतच. आणि एकदा अडकलं की पुढचे रस्ते आपोआप बंद होत जातात. मुलगा असेल तर तो बागेत मजुरीला नाहीतर नाशिकला बिगारी कामाला लागतो. मुलगी असेल तर घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. तीन तासांचा एक पेपर, पण त्यावर घराची पुढची वीस वर्षे ठरतात. म्हणून या पेपराबद्दल आज चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्हाला वाटते.

आमचे सायखेडा गोदावरीच्या काठी, निफाड तालुक्यात. पलीकडच्या तीरावर चांदोरी. कांदा, द्राक्षे, ऊस हा इथला संसार. ज्यांची जमीन आहे ते बागायतदार, ज्यांची नाही ते त्यांच्या बागेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदी घराघरांत शिरली, तेव्हा भांड्यांबरोबर पोरांची दप्तरेही भिजली. आम्ही बी.कॉम. झालेलो, कारकुनी करतो. नोकरीवरून सुटलो की संध्याकाळी विहारात चटया टाकून दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. फी नाही. मात्र यायचे तर रोज यायचे, एवढाच नियम.

आम्ही स्वतः पाचवीपासून ए-बी-सी-डी शिकलो. पुढे २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. वाटले होते, आता भीती जाईल. पण भीती गेली नाही, ती फक्त चार वर्षे आधी यायला लागली. दहावीपर्यंत आलेल्या मुलाला फळ्यावरचे वाक्य सुंदर अक्षरात उतरवता येते, पण त्याचा अर्थ विचारला की मान खाली जाते. एका मुलाला कोणीतरी तोंडावर सांगितले होते, "तुमच्याच्याने इंग्रजी होणार नाही." त्याने ते इतके मनावर घेतले होते की आमच्याकडे पहिले पंधरा दिवस त्याने वहीत एक शब्द लिहिला नाही.

मार्च २०१९ ची गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. त्या वर्षी भाषा विषयांचे शाळेकडचे २० गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढे ते २० गुण परत दिले गेले. पण आधार काढला की इमारत किती हलते, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले. गुण मिळाले तर घ्यावेत, पण त्यांच्या भरवशावर बसू नये.

आता पेपराकडे वळू. सध्याच्या आराखड्यात मराठी माध्यमाच्या मुलांचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात पुस्तकातल्या गद्य उताऱ्यांना २० गुण आणि न पाहिलेल्या उताऱ्याला १५. म्हणजे ३५ गुणांचे उतारे प्रश्नपत्रिकेतच छापलेले असतात. बहुतेक उत्तरे डोळ्यांसमोर असतात. ती शोधायला पाठांतर लागत नाही, वाचता यावे लागते. आणि आपली मुले वर्षभर काय करतात? बाजारातला अपेक्षित प्रश्नसंच आणून त्यातली उत्तरे घोकतात. घोकलेला प्रश्न आला नाही की पेपर कोरा. म्हणून आमच्याकडे पहिले दोन महिने लिहिणे कमी आणि वाचणे जास्त. रोज एक पान, मोठ्याने, प्रत्येकाने. उच्चार चुकला तर कोणी हसायचे नाही. जो हसेल त्याने पुढचे पान वाचायचे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. नियम आधी सांगितला की मुले घाबरतात. म्हणून आम्ही त्यांच्याच घरचे वाक्य घेतो. "आई द्राक्षाच्या बागेत काम करते." पोरे लिहितात, "माय मदर वर्क." आम्ही म्हणतो, आई एकटी आहे, तिच्या कामाला एक 'एस' जोडून द्या. "माय मदर वर्क्स ऑन अ ग्रेप फार्म." मी करतो तेव्हा एस नाही, आई करते तेव्हा आहे. एवढे सांगितल्यावर तो एस सहसा सुटत नाही. प्रयोग बदलायला सांगायचे तर बागेतलेच वाक्य: बाया द्राक्षे खुडतात, द्राक्षे बायांकडून खुडली जातात. माहिती रूपांतराच्या प्रश्नासाठी आम्ही कांद्याची हिशेबपट्टी पुढे ठेवतो. किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात काय आले, यावर पाच वाक्ये लिहा म्हटले की मागच्या चटईवरची पोरेही पेन उचलतात. पट्टी त्यांनी पाहिलेली असते, बापाच्या तोंडून ऐकलेली असते.

तिसरी गोष्ट भाषांतराची. शेवटचे ५ गुण शब्द, वाक्ये आणि म्हण मराठीत आणण्याचे असतात. मुले तो प्रश्न सोडून उठतात. वास्तविक तो आपल्या मायबोलीने दिलेला आहेर आहे. आणि ही वाट आपल्याला नवी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत नाव घातलेल्या भीमरावांकडून रामजी सुभेदारांनी घरी तर्खडकरांची भाषांतरमाला करून घेतली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते मिळू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. एक भाषा अडवली गेली, पण इंग्रजी त्यांनी अशी कमावली की १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आणि १९२० साली 'मूकनायक' काढला तो मात्र मराठीत. दोन्ही भाषा हातात हव्यात, त्या अशा.

आता सर्वांत अवघड गोष्ट. परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होते, आणि नेमका तोच द्राक्ष काढणीचा हंगाम. बागेत हात कमी पडतात, रोज चांगला मिळतो आणि घरातले दहावीचे पोर कामावर जाते. आम्ही कोणाला दोष देत नाही. भाकरीचा प्रश्न आहे. पण मागे एक मुलगी अशीच जानेवारीपासून आईबरोबर बागेत जात होती. सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिले. घरात पाहुणे येऊन गेले. आईने मात्र धरून ठेवले. म्हणाली, "भाऊ, एवढी परीक्षा होऊ द्या, मग बघू." २०१५ पासून निकालानंतर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा होते, हे त्या माउलीला ठाऊक होते. मुलगी दीड महिना रोज आली. गुण फार मिळाले नाहीत, पण पास झाली. अकरावी कॉमर्सला नाव घातले आणि पाहुण्यांना निरोप गेला की आता थांबा. सुटलेला विषय महिन्या-दीड महिन्यात सुटतो. मात्र घरातल्या एका माणसाने "थांबा" म्हणायला हवे.

आया आम्हाला विचारतात, "आम्हाला काय इंग्रजी कळतंय, आम्ही काय करावं?" ताई, कळायची गरज नाही. रात्री भाकऱ्या झाल्या की पंधरा मिनिटे पोराला मोठ्याने वाचायला सांगा आणि समोर बसून ऐका. कोठे अडखळले ते तुमच्या कानाला कळते. तेवढा वेळ टीव्ही बंद, मोबाईल फळीवर. जानेवारीपासून पेपर संपेपर्यंत दहावीच्या पोराला मजुरीला पाठवू नका. तेवढ्या रोजाची तूट भावकीने, शेजाऱ्यांनी मिळून सोसावी. जे नापास होऊन घरी बसले असतील त्यांना पुरवणीला बसवा. ज्यांची शाळाच सुटली असेल त्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरून द्या, त्याची तारीख चुकवू नका.

आणि आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, त्यांना आमची विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपापल्या वस्तीतल्या विहारात जाऊन बसा. फार मोठी विद्वत्ता लागत नाही. एक पुस्तक, एक फळा, आणि न हसण्याची शिस्त एवढे पुरते. यंदाच्या दहावीची पोरे आजच मोजा. कोणाला काय येत नाही ते त्यांनाच विचारा, आणि उद्याच्या संध्याकाळपासून पहिले पान उघडा.