जहाजाचीं मुळाक्षरें

जुन्या लढाऊ जहाजांचे नकाशे पाहण्याचा मला नाद आहे. समुद्राची मला मनांतून धास्तीच वाटते, तेव्हां हा नाद कोठून लागला हें सांगतां येणार नाहीं. ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयांत इंग्रजी आरमाराचे असे हजारों नकाशे जतन केलेले असून त्यांच्या प्रती पाहावयास मिळतात. दृष्टि प्रथम खिळते ती मथळ्यावर. जहाजाचें नांव, तोफांची संख्या, लांबीरुंदीचे फूट व इंच, सारें वळणदार अक्षरांत. लेखणीची ही मिजास पाहून आपल्याकडील मोडी दप्तरांची आठवण व्हावी. परंतु हा मथळा साहेबलोकांसाठीं आहे, असें माझें मत होऊन बसलें आहे. सुतारासाठीं जीं अक्षरें, तीं खालीं रेषांच्या पायथ्याशीं एकेकटीं उभीं असतात.

त्यांची रीत अशी. जहाजाचा जो सर्वांत भरदार मधला छेद, तेथें वर्तुळांत अधिकाचें चिन्ह. तेथून नाळेकडे जाणाऱ्या फासळ्यांस ए, बी, सी अशीं अक्षरें आणि सुकाणूकडे जाणाऱ्या फासळ्यांस १, २, ३ असे आंकडे. चिन्ह पाहिलें कीं, लांकूड पुढील अंगाचें कीं मागील, हें विचारावयास नको. नकाशा बहुधा पाव इंचास एक फूट या प्रमाणाचा; त्यांत साऱ्या फासळ्या काढल्या तर रेषांचें जंगल माजेल, म्हणून मधल्या कांहीं टाकून उरलेल्या काढीत. दर चौथी काढली तर अक्षरें डी, एच्, एम् अशीं उड्या मारीत जातात. येथें शाळेंतील मुळाक्षरें बोटांवर मोजणारा हमखास फसतो. एच् आठवें, तर बारावें एल् असावयास हवें. नकाशावर असतें एम्! कारण जुन्या युरोपीय लेखनांत आय् आणि जे हीं एकाच अक्षराचीं दोन रूपें मानीत, आणि सुतारांच्या मालिकेंत त्यांतील जे गळालेला असे. हा बारकावा ठाऊक नसेल तर लांकूड एक घर सरकलें म्हणून समजावें.

नकाशावरील छेद पुढें एका प्रशस्त माळ्याच्या जमिनीवर पूर्ण मापानें आंखीत, त्यावरून पातळ फळ्यांचे साचे करीत, आणि साच्यांवरून लांकूड तासीत. कागद, जमीन, फळी, लांकूड या साऱ्या प्रवासांत तीच खूण बरोबर चाले.

या खुणांचा एक प्रवास तर मुंबईपर्यंतचा आहे. १८१२ सालीं ‘त्रिंकोमाली’ नांवाची फ्रिगेट मुंबईच्या गोदींत बांधावी असा हुकूम झाला. तिचा घाट मूळचा फ्रेंच. साने नामक फ्रेंच शिल्पज्ञानें आंखलेली ‘हेबे’ इंग्रजांनीं १७८२ त पकडली आणि तिच्यावरून आपल्या जहाजांचा एक वर्गच उभारला. मुंबईकडे निघालेले नकाशे ‘जावा’ या जहाजावर होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें ‘जावा’चा पाडाव केला, आणि नकाशेही गेले. पुन्हां प्रत पाठवावी लागली.

मला या हकीकतीचें नवल वाटतें. जमशेटजी बमनजी वाडियांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या जहाजें बांधलेलीं. कोंकणांतील कारागीर तर कागदावाचून, केवळ डोळ्याच्या अदमासानें गलबतें उभारीत. यांस जहाज बांधावयास का कोणाचा नकाशा हवा होता? जहाजासाठीं नव्हे, पण तेंच जहाज, इंच न्‌ इंच आपल्या बहिणींसारखें, हवें असेल तर नकाशावांचून गति नव्हती. आरमाराला उत्तम जहाज पुरेसें नव्हतें, सारखें जहाज हवें होतें. फ्रेंच घाट, इंग्रजी खुणा, मलबारचा साग आणि गुजराती बोलणारा पारशी मुख्य मिस्त्री! १८१६ त कणा मांडला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली. इंग्लंडांत हार्टलपूल येथें ती आजही तरंगत आहे.

तासणी चालविणाऱ्या सुतारांचीं नांवें नकाशाच्या मथळ्यावर कोणी लिहिलीं नाहींत. त्यांतील कित्येकांस तो मथळा वाचतांही आला नसता. परंतु डी पुढें चौथी फासळी कोणती, हें त्यांच्या हातांना ठाऊक असलेंच पाहिजे, एरव्हीं ती फ्रिगेट उभीच राहती ना. हल्लीं नवा नकाशा हातीं आला कीं मी मथळा वाचीत बसत नाहीं. वर्तुळांतील तें चिन्ह शोधतों आणि तेथून नाळेकडे, जे वगळून, मोजीत निघतों.