बिनखिडकीची गोष्ट

पाणबुडीला खिडकी नसते. ज्यूल व्हर्नने कॅप्टन नेमोच्या ‘नॉटिलस’ला १८७० साली भलीमोठी काच बसवली आणि समुद्राचा तळ वाचकांना डोळे भरून दाखवला. (हा नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केलं.) पण लढाऊ पाणबुडीत डोळ्यांना काम नाही. खोल गेल्यावर समुद्र फक्त ऐकू येतो. फुटपाथवर वडापावच्या भावात मिळणाऱ्या पाणबुडीच्या थ्रिलरची सगळी गंमत इथे आहे. ती कानाने वाचायची असते.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकांच्या थप्प्यांतून अ‍ॅलिस्टर मॅक्लीन हमखास वर येतो. कोपरे दुमडलेले, पाठीला डिंकाची पट्टी, आत कुठल्याशा बंद पडलेल्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. त्याची ‘आइस स्टेशन झेब्रा’ ही कादंबरी १९६३ ची. तिच्या पाच वर्षं आधी अमेरिकेची खरीखुरी ‘नॉटिलस’ उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार गेली होती, तेव्हा मॅक्लीनने लिहिलं ते वाचकांना हवेतलं वाटलं नसणार. स्वतः मॅक्लीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता. आर्क्टिकची थंडी त्याने अंगावर घेतली होती. त्याच्या कादंबरीतली अणुपाणबुडी ‘डॉल्फिन’ स्कॉटलंडच्या होली लॉकमधून निघते आणि बर्फावरच्या जळालेल्या हवामान केंद्रातली माणसं शोधायला जाते. वर बर्फाचं छत, खाली अथांग पाणी, आत एक घातकी माणूस. एवढ्या सामग्रीवर वाचणाऱ्याची झोप उडते.

या कादंबरीत टॉर्पेडोच्या नळीपाशी घडणारा एक प्रसंग आहे. नेमकं काय होतं ते सांगणं म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडचा घास काढणं. पण ती नळी जवळून पाहायला हवी. नळीला दोन दारं. बाहेरचं समुद्रात उघडतं, आतलं पाणबुडीत. दोन्ही एकदम उघडी राहिली तर संपलंच. बाहेरचं दार दिसत नाही, म्हणून आतल्या दारावर एक छोटी तोटी असते. ती फिरवायची. पाण्याची चिळकांडी उडाली तर नळी भरलेली. काहीच आलं नाही तर कोरडी.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ या नव्या कोऱ्या ब्रिटिश पाणबुडीची चाचणी चालू होती. तोटी फिरवली, पाणी आलं नाही. आतलं दार उघडलं आणि समुद्र आत घुसला. तोटीमागचं बारीक भोक रंगाच्या थराने बुजून गेलं होतं. आत १०३ माणसं होती, चार वाचली. हे ठाऊक असलेला वाचक मॅक्लीनचं ते पान उलटताना बोट थोडं थांबवतो. स्वस्त कागदावर छापलेल्या भीतीमागे असं खरं काही उभं असतं, म्हणून ती खोटी पडत नाही.

आणि मग आवाज. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. पण सरळ धावत नाही. वरचं उबदार पाणी संपून थंड पाणी सुरू होतं तिथे तो वाकतो, आणि त्या थराखाली पाणबुडीला दडी मारता येते. उथळ, उबदार समुद्रात तर बोटाएवढ्या कोळंब्या नांगी मिटून असा कडकडाट करतात की मोहरीची फोडणी तडतडतेय असं वाटावं. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली कान लावणाऱ्यांना या गोंगाटाने चांगलंच चकवलं. विमा विकणाऱ्या टॉम क्लॅन्सीने नौदलात एक दिवसही न काढता हे जग ओळखलं. १९८४ साली त्याची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ आली, तिचा खरा नायक कुणी कप्तान नाही असं वाटत राहतं. तो पाण्यातले आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रापाशी कानाला हेडफोन लावून बसलेला जोन्स आहे, शास्त्रीय संगीतावर जीव टाकणारा. यंत्र ज्या आवाजाला भूगर्भातली खळबळ ठरवतं, त्यात जोन्सला माणसाने बनवलेलं काहीतरी ऐकू येतं. गाण्याची बैठक ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हा जोन्स लगेच आपला वाटेल.

हार्बरच्या लोकलमध्ये ही पुस्तकं वाचली जातात तेव्हा डॉकयार्ड रोडला गाडी थांबते. तिथून जवळच माझगाव डॉक. १९९२ साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ पाणबुडी तिथेच बांधली गेली. पण या कादंबऱ्यांची खरी वेळ रात्रीची. घर निजलेलं, दिव्याचं वर्तुळ पानापुरतं. वर शत्रूची विनाशिका घिरट्या घालतेय. पाणबुडीतले पंखे बंद केले आहेत, माणसं खुणांनी बोलताहेत, कुणी पाना खाली ठेवताना आधी फडकं पसरतो. वाचणाऱ्याचा श्वास आपोआप लहान होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळाची टिपटिप कानावर येते. इतका वेळ ती चालूच असणार. पुस्तक उपडं ठेवून तो उठतो, पाय न वाजवता जातो, नळ घट्ट पिळतो आणि अंधारात क्षणभर उभा राहून ऐकतो.