अब्बांचा उजवा कान

गेल्या पावसाळ्यात अब्बांचा उजवा कान गेला. डाव्याने ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ते दाराकडे बघतात. "किधरसे बोल रई?" परवा नाक्यावर हॉर्न ऐकून ते नेमके ट्रकच्याच बाजूला सरकले. एका पोराने ओढलं म्हणून वाचले. तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही आणि ते माझ्यावर रुसलेत.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. अँटेनांच्या रांगेवरून रेडिओ लहरीची दिशा ओळखायची, हा धडा मी दरवर्षी कानांपासूनच सुरू करते. आवाज एका कानाला जरा आधी पोचतो; फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तो पुरतो. तिरकी आलेली लहरही प्रत्येक अँटेनाला थोडी मागेपुढे भेटते.

एकाच वेळी अनेक सिग्नल आले की खरी पंचाईत होते. राल्फ श्मिट यांनी १९७९ साली 'म्युझिक' ही पद्धत मांडली. (नाव संगीताचं, काम मात्र निव्वळ गणिताचं.) ती सिग्नल आणि गोंगाट वेगळे करते, अगदी शेजारशेजारच्या दिशाही सुट्या दाखवते. पण त्यासाठी एकेक कोन तपासत जावं लागतं, आणि प्रत्येक अँटेना कुठल्या कोनाला कशी वागते याची नोंद आधीच लागते.

१९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये पॉलराज, रिचर्ड रॉय आणि थॉमस कैलथ यांनी 'एस्प्रिट' काढली. अँटेनांच्या एकसारख्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीतलं अंतर आणि रोख तोच ठेवायचा. मग एका संचाकडून दुसऱ्याकडे जाताना सिग्नलची फेज किती फिरली तेवढं काढलं की कोन थेट हाती येतात. शोधाशोध नाही, ती भलीमोठी नोंदही नाही. कैलथ जन्मले पुण्यात, शिकले तिथल्याच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. पॉलराज खडकवासल्याच्या एनडीएत होते. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

अब्बांकडे आता जोडीच उरली नाही. काल अंगणात मी जागा बदलून पाच हाका मारल्या. डोळे मिटून, मान हळूहळू फिरवत, आवाज कुठे मोठा वाटतो ते बघत त्यांनी मला तीनदा बरोबर शोधलं. एकच अँटेना फिरवायची जुनी रीत ती हीच. पण ट्रक तेवढा वेळ देत नाही.

आज असरच्या नमाजाला निघताना ते उंबऱ्यापाशी थांबले. काही बोलले नाहीत. मी चप्पल घातली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.