ओळखीच्यांकडे नको, हॉटेलच बरं

ब्रेमेन
रविवार, दुपार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ओळखीचं मराठी घर गावात असताना हॉटेलात उतरणं म्हणजे पैसे उधळणं, हे तुझं म्हणणं फोनवर ऐकून घेतलं. पैसे कंपनीचे आहेत या उत्तराने तुझं समाधान होणार नाही हेही माहीत होतं. कंपनीचे झाले तरी ते कुणाच्या तरी खिशातूनच येतात, असं तू म्हणणार. कबूल. तरीही हॉटेलच बरं. का, ते फोनवर सांगत बसले तर तू मध्येच बोलशील, म्हणून लिहिते आहे. रविवारी इथे दुकानं बंद असतात. स्टेशनातली तेवढी उघडी. त्यामुळे वेळच वेळ आहे.

औंधातल्या ज्या ब्रेमेन चौकात तू सिग्नलला रिक्षावाल्याशी हुज्जत घालतेस, त्या चौकाला ज्याचं नाव दिलंय तेच हे गाव. पुण्याशी याची जुनी मैत्री आहे. विमानतळ इतका जवळ की सहा नंबरच्या ट्रॅमने पाव तासात स्टेशनावर पोचले, आणि स्टेशनासमोरून बॅग ओढत पाच मिनिटांत हॉटेलात. लोहगावहून औंधला यायला किती वेळ लागतो ते तू जाणतेसच.

काउंटरवर एक फॉर्म हाताने भरून सही करावी लागली. माझ्यापुढच्या जर्मन गृहस्थाला काहीच भरायला दिलं नाही, म्हणून विचारलं. 1 जानेवारी 2025 पासून स्वतःच्या नागरिकांना जर्मनीने यातून मोकळं केलंय, परदेशी पाहुण्याला मात्र भरावाच लागतो. विचारल्याबद्दल त्या मुलीला राग आला नाही. उलट कायदा नीट समजावून सांगितला. मला असली माणसं आवडतात.

खोली लहान आणि स्वच्छ. पलंग दोघांचा, पण दुलया दोन वेगवेगळ्या. नवरा-बायकोत रात्री ओढाओढ नको अशी सोय. पंखा नाही. खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते आणि पूर्ण वर फिरवली की वरच्या बाजूने आत कलते, एवढं कळेपर्यंत जूनच्या उकाड्यात घामाघूम झाले. पडदे मात्र जाड आहेत आणि लागतातही, कारण रात्री साडेनऊला इथे लख्ख उजेड असतो. पुण्यात तेव्हा एक वाजलेला असतो आणि शरीर अजून पुण्याच्याच घड्याळावर चालतं. बाथरूमचं काय ते तू विचारू नकोस, मी सांगत नाही. प्लास्टिकचा मग बॅगेतून आणला होता, एवढं पुरे.

चहाचं म्हणशील तर खोलीत किटली नव्हती. खाली जाऊन मागितली, लगेच दिली. आपल्याकडचे जाड तीन पिनांचे प्लग इथे बसत नाहीत, बारीक दोन पिनांचे चार्जर चालतात. विजेचा दाब आपल्यासारखाच, 230. सकाळी सहाला उठून किटलीत पाणी, कपात चहाची पूड, वर बशी, आणि आदल्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावरून उचललेली दुधाची चिमुकली डबी. तू भाजून दिलेल्या उपम्याच्या रव्यावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की रात्रीचं जेवण होतं. फोडणीचा मोह होतो, पण छतावर धुराचा भोंगा आहे. मोहरी तडतडली तर अग्निशमन दल दारात. साजूक तूप का नेलं नाहीस म्हणून तू रुसली होतीस. अगं, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणता येत नाहीत. बाकरवडी आणता येते. ती कार्यशाळेत दुपारच्या आत संपली.

आता कार्यशाळेचं, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

मी इथे जे शिकवते त्याला एफएमईए म्हणतात. गाडीचा एखादा भाग कसकसा बिघडू शकेल, बिघडला तर काय होईल आणि ते आपल्याला वेळेत कळेल का, याची सगळ्यांनी मिळून आधीच यादी करायची. तू प्रवासाला निघताना बॅग भरतेस तसंच, फक्त तक्ता करून. पूर्वी प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे, एक ते दहा: परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, आणि पकडला जाणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि मोठा गुणाकार आधी हाताळायचा. 2019 मध्ये अमेरिकन एआयएजी आणि जर्मन व्हीडीए या वाहन उद्योगाच्या दोन संघटनांनी मिळून नवं पुस्तक काढलं आणि हा गुणाकार मोडीत काढला. म्हणजे निम्मं जर्मनांनीच लिहिलेलं पुस्तक जर्मनांना समजवायला पुण्याची बाई आली आहे. पहिल्या सकाळी सगळ्यांच्या चेहऱ्यावर हे स्पष्ट दिसत होतं.

मी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या. आपोआप मिटणारं डिकीचं दार. पहिला बिघाड: मध्ये आलेलं बोट सेन्सरला कळत नाही. दहा, चार, दोन; गुणाकार 80. दुसरा बिघाड: मिटताना करकर आवाज. चार, पाच, पाच, गुणाकार 100. जुन्या हिशोबाने आधी आवाज घालवायचा, मग बोट वाचवायचं. नव्या पद्धतीत गुणाकार नाही, ठरलेला तक्ता आहे, आणि त्यात बोटाला वरचं प्राधान्य मिळतं, आवाजाला खालचं. एक वयस्कर इंजिनिअर उठून म्हणाले, "हे चूक आहे." नमस्कार नाही, चमत्कार नाही. सदाशिव पेठेत वाढल्यामुळे मला काही वाटलं नाही. तासभर वाद घातला. शेवटी स्वतःच्या जुन्या फाइलमधला असाच एक गुणाकार त्यांनीच काढून दाखवला.

खोलीत खुर्च्या सिनेमाच्या थिएटरसारख्या रांगेत मांडल्या होत्या. मी पहिल्याच सुट्टीत टेबलं जोडून एक मोठं टेबल केलं. सगळ्यात मागे एक गृहस्थ गप्प बसले होते, प्रत्यक्ष जोडणीच्या लाइनवर काम करणारे, इंग्रजी बेताचं. त्यांना माझ्या शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जर्मनमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि शेजारच्याने ती मला इंग्रजीत दिली: थंडीत दाराच्या कडेची रबरी पट्टी कडक होते, आणि सेन्सर त्या पट्टीतच आहे. इंजिनिअरांपैकी कुणी हे लिहिलं नव्हतं. तक्त्यात नवी ओळ आली आणि खोली बदलली. त्यानंतर लोक एकमेकांशी बोलायला लागले. माझं काम तेवढंच असतं. कोण गप्प आहे ते बघत राहायचं. पण आठ तास ते बघत राहिलं, तेही परक्या भाषेत बोलता बोलता, की संध्याकाळी माझ्यात बोलण्याचा एक थेंबही उरत नाही.

आणि आता तू म्हणतेस त्या घरी मी राहिले असते तर? यजमानीण बिचारी स्वतः नोकरीवरून दमून आलेली, तरी पोळ्या करणार. मग मला लाटायला बसावं लागणार. मुलाला मराठी वाचता येतं का ते विचारायचं, त्याने वाचून दाखवलं की कौतुक करायचं, पुण्यात मेट्रो कुठवर आली ते सांगायचं, त्यांच्या कात्रजच्या फ्लॅटचं भाडं ऐकायचं. रात्रीचे अकरा. दिवसभराच्या तक्त्यातल्या अर्धवट ओळी कधी नीट करायच्या? त्यांच्या घरात दार लावून लॅपटॉप उघडला तर मला अवघडल्यासारखं होईल आणि त्यांना आपलं काही चुकलं असं वाटेल. हॉटेलात कुणी रुसत नाही. सकाळी "गुटन मॉर्गन", संध्याकाळी किल्ली, संपलं.

आनंदीबाई जोश्यांचं उदाहरण तू देणार हे ठाऊक आहे. 1883 मध्ये त्या अमेरिकेत उतरल्या आणि न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. त्या घराशिवाय त्यांचा निभाव लागला नसता, हे मलाही मान्य. पण त्या शिकायला गेल्या होत्या, काही वर्षांसाठी, आणि अठराव्या वर्षी. मी चाळिशी ओलांडलेली, थोड्या दिवसांसाठी आलेली, आणि शिकवायला. त्यांना कुणीतरी वाट बघणारं हवं होतं. मला नेमकं ते नको आहे.

त्या कुटुंबाला मी टाळलं असं मात्र समजू नकोस. काल संध्याकाळी जेवायला गेले, आणि कार्यशाळेचा आठवडा संपल्यामुळे मन लावून बोलले. मुलाने मराठी वाचूनही दाखवलं. आमटी तुझ्यापेक्षा गोड होती. हे त्यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. परत येताना त्यांनी स्टेशनाच्या मागचा हत्ती दाखवला. विटांचा, जवळजवळ तीन मजली. 1932 मध्ये जर्मनीच्या गमावलेल्या वसाहतींच्या स्मरणार्थ बांधला आणि 1990 मध्ये, पाडायच्या ऐवजी, याच गावाने त्याला वसाहतवादविरोधी स्मारक ठरवलं. मला हे पाडण्यापेक्षा जास्त धीट वाटलं. हत्ती तसाच उभा आहे, पाटी बदलली आहे, आणि का बदलली तेही लोकांपुढे आहे.

तुझ्या डॉक्टरांनी कॉफी बंद केली ना? बिनकॅफिनची कॉफी याच गावची. तिची कंपनी इथे 1906 मध्ये निघाली. पाकीट आणते आहे. चवीची हमी देत नाही.

एक काम आहे. माझ्यानंतर आमच्या ऑफिसातली एक मुलगी इथे येईल, थंडीच्या दिवसांत. तिला तुझ्याकडे पाठवते. तिच्यासाठी उपम्याचा रवा भाजून ठेव, मीठ थोडं कमी घाल, आणि कढीपत्ता पूर्ण वाळलेला असू दे. माझ्या डब्यातला जरा दमट राहिला होता. प्लास्टिकचा मग ती स्वतःचा घेईल, ते मी तिला सांगितलंय.

काकांना नमस्कार.

तुझी,
भाची