वाफेच्या इंजिनाला विजेचा भोंगा

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलला विजेच्या इंजिनाचा भोंगा लावला, आणि त्यालाच पहिलं बक्षीस! तेही भुसावळातल्या मॉडेल-प्रदर्शनात, जिथे अर्धं गाव लोको शेडच्या आवाजावर उठायचं. राग अजून गेलेला नाही.

माझं मॉडेल डब्ल्यूपीचं, १:८७ मापाचं. गोल टोकदार नाकावर तारा असलेलं ते पॅसेंजरचं इंजिन. जुन्या रेल्वेवाल्यांना वेगळं सांगायला नको. आवाजाची चिप आणि स्पीकर टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यात, बसवले. इथपर्यंत सोपं. पण चिपवर तयार मिळणारे आवाज बहुतेक परदेशी इंजिनांचे. ब्रिटनच्या मॅलार्डसारखं तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला धुराड्यातून वाफेचे सहा ठोके पडतात. आपल्या डब्ल्यूपीला सिलिंडर दोन, आणि प्रत्येकात वाफ पिस्टनला दोन्हीकडून ढकलते, म्हणून ठोके चारच. खऱ्या चाकाचा व्यास १.७ मीटर, मॉडेलचं चाक एका फेऱ्यात सहा सेंटिमीटर जातं. म्हणजे दर दीड सेंटिमीटरला एक ठोका पडला पाहिजे. ताशी ६० किलोमीटरला सेकंदात बारा ठोके होतात, मग ते मिसळून नुसती घरघर राहते. गाडी सुटताना मात्र एकेक ठोका सुटा ऐकू येतो. खरी मजा तिथेच.

हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’ आहे, डब्ल्यूपी ७१६१. ते सुटतानाचं रेकॉर्डिंग एका मित्राने दिलं, तेच मी चिपमध्ये भरलं. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघत नाही, म्हणून त्याच्या मागची डबी हवाबंद केली, शिट्टी थोडी उतरवली.

प्रदर्शनात इंजिन सुटलं: एक ठोका, थांबून दुसरा, मग तिसरा. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, ‘आवाज तुटक. यंत्रात दोष.’ मी समजावायला गेलो, तर ‘पुढचं टेबल’ म्हणून निघून गेले. पुढच्या टेबलावरचं इंजिन जागेवरून हलायच्या आधीपासूनच सिनेमातल्यासारखं एकसारखं छुकछुक करत होतं. वर तो भोंगा! पोरं नाचली, पालकांनी व्हिडिओ काढले. गुण कशाचे देता ते आधी लिहून तरी लावा. ‘करमणूक’ असं लिहिलं असतं तर मी गेलोच नसतो.

आमच्या गल्लीतल्या आबांना ऐकवलं. ते फायरमन होते, नंतर ड्रायव्हर झाले. एक कान पार गेलाय. दुसरा मॉडेलजवळ नेऊन म्हणाले, “चौथा ठोका कच्चा पडू राहिला रे. लंगडू राहिलं. व्हॉल्व्ह सेटिंग पाहा.”

“आबा, हे खऱ्या इंजिनाचं रेकॉर्डिंग आहे.”

“मंग खऱ्याचं सेटिंग पाहा!”

बक्षिसाचं सांगितलं तर हसले. “पोरं खूश झाली ना? आम्हाले तरी कुठे ठोके ऐकायला वेळ होता? इंजेक्टरने पाणी उचललं का, तिकडे कान.” परीक्षकांपेक्षा हे जास्त लागलं. ज्या आवाजासाठी मी भांडत होतो, तो आतल्या माणसाच्या लेखी दुय्यम! आता इंजेक्टरची सूंऽऽ आणि फावड्याचा खणखणाट घातलाय. आणि खऱ्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या मीच तो चौथा ठोका कॉम्प्युटरवर बाकीच्यांसारखा करून घेतला. लंगडं इंजिन आपल्या घरात नको.

पण ‘अकबर’ रेवाडीचं. आपल्या भुसावळच्या शेडमधल्या इंजिनांचा आवाज कुठे आहे? ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ला थांबली, आणि त्याआधी टेपरेकॉर्डर घरोघरी आले होते. लग्नाच्या, पाठवणीच्या, बारशाच्या कॅसेटमध्ये मागे कुठेतरी यार्डातली शिट्टी असेलच. रेल्वे कॉलनीत राहिलेल्यांनी माळ्यावरचे डबे एकदा उघडून पाहावेत. फीत चिकटली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. कॅसेट तुमच्याकडेच ठेवा, मला फक्त कॉपी द्या.