नाताळची चांदणी आणि हरवलेली बॅटरी

वसईत आमच्या घरी नाताळची चांदणी विकत आणायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. डिसेंबर लागला की ते बांबूच्या कामट्या तासायचे, आम्ही भावंडं पतंगाचा कागद कापायचो आणि आई खळ शिजवायची. पुढे मी माझ्या मुलांनाही तीच सवय लावली.

काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे सतरंजीवर बसून येशूजन्माचा गोठा सजवत होतो. पेंढ्यात लपवायला मी चार छोटे दिवे आणले होते. प्रत्येकात एक गोल, चपटी बॅटरी. एक दिवा लागेना म्हणून मुलीने चारही बॅटऱ्या काढून खाली ठेवल्या. शेजारी दीड वर्षाचा धाकटा खेळत होता. परत मोजल्या, तर तीनच!

खरं सांगतो, मी डॉक्टर असूनही आधी पंधरा मिनिटं घरभर शोधत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "दुसऱ्याचं पोर असतं तर काय सांगितलं असतंस?" मी तडक गाडी काढली.

एक्स-रेमध्ये काही नव्हतं. चौथी बॅटरी रात्री पेंढ्यात सापडली. पण ती पंधरा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही विचाराल, मूल हसत-खेळत असताना इतकी घाई कशाला? ही बॅटरी 20 मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढी असते. लहान मुलाच्या अन्ननलिकेत ती अडकू शकते. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं रसायन तयार होतं. बॅटरी फुटावी लागत नाही. दिवा लागत नाही म्हणून काढलेली 'संपलेली' बॅटरीसुद्धा पुरते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, आणि सुरुवातीला लक्षणं नसतातही. कधी नुसती लाळ गळते, खोकला येतो किंवा मूल खायला नको म्हणतं.

म्हणून नुसता संशय आला तरी:

• एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा.
• उलटी करवू नका. मध सोडून काही खायला-प्यायला देऊ नका.
• मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळत असेल आणि 12 तास उलटले नसतील, तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चमचे (10 मिली) मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जखमेचा वेग कमी होतो, पण तो उपचार नव्हे. मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको.

दिवे घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघा. जुन्या बॅटरीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टाका. आणि हो, ग्लू गनचा चटका बसला तर भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नका.

एवढं वाचून घरची सजावट सोडू नका. आजी-आजोबा आणि नातवंडं एका सतरंजीवर बसतात, हे विकतच्या चांदणीत मिळत नाही. आमची यंदाही घरीच होणार आहे. फक्त उठण्याआधी बॅटऱ्या मोजायच्या, हा आता माझा दंडक आहे.

नाताळच्या शुभेच्छा!